फोटोत नसलेली मैत्रीण



तुमच्या घरात एखादा जुना फोटो नक्की असेल. माळ्यावरच्या ट्रंकेत, नाहीतर माजघरात खिळ्याला टांगलेला. आजोबा खुर्चीवर ताठ बसलेत, आजी शेजारी पदर सावरून उभी आहे. आणि त्यांच्या मागं? मागं एक ऐटदार जिना, गुलाबाच्या कुंड्या, लांबवर एक तळं! आता आजीला विचारा, “आजी, आपल्या घरी असा जिना होता?” आजी हसेल. कारण तो जिना घरात नव्हताच. फोटो स्टुडिओतल्या पडद्यावर तो रंगवलेला होता.

एवढंच नाही. त्या काळी फोटोची निगेटिव्ह हातात आली की स्टुडिओतला कारागीर टोकदार पेन्सिल घेऊन बसायचा. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या हलक्या हातानं झाकून टाकायचा. काळ्यापांढऱ्या फोटोतल्या साडीला ब्रशनं रंग द्यायचा. काही घरांत तर आजोबांचा एक फोटो आणि आजीचा दुसरा फोटो जोडून दोघांचा मिळून एक फोटो केलेला असतो. दोघं एकत्र कधी स्टुडिओत गेलेलेच नसतात!

म्हणजे फोटोत बदल करणं ही काही कॉम्प्युटरनं आणलेली नवलाई नाही. आमचा कोल्हापूर जिल्हा तर यात जुना आणि मुरलेला. बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या चित्रकारानं स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढं आणला. चित्रकाराची नजर आणि कॅमेऱ्याची नजर अशी एका माणसात एकत्र आली. त्याच सुमारास, १९१७ सालीच, दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर दिसलं ते सगळं तसंच घडलं असं नसतं, हे आपल्या पणजोबांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक झालं होतं!

मी वारणानगरजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वारणानगर म्हणजे पन्हाळा तालुक्यात, वारणा नदीच्या खोऱ्यातलं साखर कारखान्याचं गाव. चोहीकडं ऊस. १९९८ साली इथं ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा सरकारी प्रकल्प आला आणि वारणा परिसरातली ७० गावं कॉम्प्युटरनं कारखान्याशी जोडायचं ठरलं. शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी हा त्यामागचा विचार. मी तेव्हा तुमच्याएवढी होते. कॉम्प्युटर म्हणजे उसाचा हिशेब करणारं यंत्र, अशीच माझी समजूत होती. पुढं डी.एड. केलं, फळ्यावर वळणदार अक्षर काढायला शिकले, तक्ते रंगवायला शिकले. पण कॉम्प्युटरवर फोटोचं काम करायला मला कुणी शिकवलं असेल, तर ते माझ्या चौथीच्या मुलांनी. आम्ही एकमेकांचं बघत बघत शिकलो.

आमच्या शाळेत तेव्हा चालू स्थितीतला कॉम्प्युटर एकच होता आणि मुलं अठ्ठावीस. त्यामुळं मी तिघातिघांचे गट पाडले. एक माऊसवाला, एक सांगणारा आणि एक लिहिणारा. लिहिणाऱ्याकडं एक वही असायची. तिचं नाव ‘बदलवही’. फोटोत केलेला प्रत्येक बदल तिच्यात टिपायचा. “उजेड वाढवला.” “डावीकडची बादली काढली.” असं. ही वही पुढं किती उपयोगी पडली ते सांगतेच.

सॉफ्टवेअर घेतलं ‘गिम्प’ नावाचं. ते फुकट मिळतं. त्याची जन्मकथा मुलांना फार आवडली. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी अभ्यासातला एक प्रकल्प म्हणून ते लिहायला घेतलं. प्रकल्प संपला, तरी त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. “म्हंजी बाई, हे पोरांनीच केलंया?” एकानं डोळे मोठे करून विचारलं. हो, पोरांनीच! फक्त आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या.

पण कॉम्प्युटरला हात लावण्याआधी आम्ही आठ दिवस गणिताची चौकटीची वही वापरली. का? कारण कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे चौकटीची वहीच असते. प्रत्येक बारक्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येक चौकोनात आकडा असतो. काळ्यापांढऱ्या फोटोत ० म्हणजे मिट्ट काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र आणि मधले आकडे म्हणजे राखाडीच्या छटा. रंगीत फोटोत प्रत्येक चौकोनाला तीन आकडे असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. आता गणित करा. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६. उत्तर येतं १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एवढे वेगवेगळे रंग एका चौकोनाला मिळू शकतात!

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या शास्त्रज्ञानं कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा फोटो घातला. तो होता त्याच्या तीन महिन्यांच्या बाळाचा. आडवे १७६ आणि उभे १७६ चौकोन, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६. आज आईबाबांच्या फोनमधल्या फोटोत १ कोटी २० लाख चौकोन असणं ही साधी गोष्ट आहे.

मुलांनी आठ बाय आठच्या चौकोनांत आकडे भरून मांजर, पतंग, कारखान्याची चिमणी अशी चित्रं काढली. मग मी म्हटलं, “आता प्रत्येक आकड्यात ४० मिळवा.” चित्र उजळ झालं. यालाच ब्राइटनेस वाढवणं म्हणतात. पण एक मुलगी अडली. “बाई, माझ्या चौकोनात २४० आहे. चाळीस मिळवले तर २८० होतात. वर तर २५५ च आहे!” बरोबर. मग तो चौकोन २५५ वरच थांबतो. शेजारच्या चौकोनात २३० असेल, तर तोही २५५ होतो. दोघांत जो थोडा फरक होता तो पुसला गेला. म्हणून फार उजळ केलेल्या फोटोत पांढऱ्या शर्टाच्या चुण्या नाहीशा होतात. तो फोटो सेव्ह करून टाकला आणि मूळ प्रत हाती नसली, तर त्या चुण्या पुन्हा कमी उजळ करूनही परत येत नाहीत. यावरून आमचा पहिला नियम ठरला. मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढायची आणि काम प्रतीवर करायचं.

पहिला प्रकल्प होता ‘फोटोचा दवाखाना’. घरातला एक खराब झालेला फोटो आणायचा आणि दुरुस्त करायचा. एका मुलानं आपल्या पणजोबांचा फोटो आणला. डोक्याला फेटा, पिळदार मिशा, भरदार छाती. पणजोबा पैलवान होते. फोटोच्या मध्यावर घडीची पांढरी रेघ आणि खालचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. त्यात पणजोबांचा उजवा हात गेलेला.

घडीची रेघ घालवणं सोपं होतं. गिम्पमध्ये ‘क्लोन’ नावाचं हत्यार आहे. शेजारचा चांगला भाग उचलायचा आणि खराब भागावर ठिपक्याठिपक्यानं बसवायचा. घरात फुटलेल्या फरशीच्या जागी तशीच दुसरी फरशी बसवतात ना, तसं. दोन दिवसांत छाती साफ झाली, फेट्याची घडीही जुळली. राहिला खाल्लेला कोपरा.

गटातली मुलं म्हणाली, “पैलवान हुते, मग हातात गदा पायजेच!” आणि त्यांनी कुठून तरी गदेचं चित्र शोधून ठेवलंसुद्धा. मी म्हटलं, “आधी घरी विचारून या.” दुसऱ्या दिवशी मुलाची आजीच शाळेत आली. खुर्चीवर बसून तिनं पडद्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. “गदा कसली रं बाबा! मामंजींच्या हातात छत्री हुती. कुस्ती सोडून धा वर्सं झाल्यावर काढल्याला फोटू हाय हा!”

झालं! पैलवानाच्या हातात छत्री! मुलांना क्षणभर वाईट वाटलं. मग प्रश्न आला, छत्री तरी कशी काढायची? बंद होती की उघडी? मूठ लाकडी होती की वाकडी? आजीला तेवढं आठवेना. शेवटी गटानंच निर्णय घेतला. कोपरा साध्या राखाडी रंगानं भरला आणि तसाच सोडला. बदलवहीत लिहिलं, “उजवा हात आम्हाला माहीत नाही, म्हणून काढला नाही. आजी म्हणते, हातात छत्री होती.” मला विचाराल, तर त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं.

दुसरा प्रकल्प निव्वळ गमतीचा. ‘मुंगीएवढा वर्ग’. आमच्याकडं गुऱ्हाळातल्या गुळाची ढेप कुणालाही माहीत. ढेपेचा फोटो काढायचा आणि तिच्यावर सगळा वर्ग बसवायचा! इथं मुलं ‘लेअर’ शिकली. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांची चळत समजा. खालच्या कागदावर ढेप. वरच्या एकेका कागदावर एकेक मुलगा, त्याच्या भोवतीचं सगळं कापून टाकलेलं. वरून बघितलं की सगळे मिळून एक चित्र दिसतं. कागद सरकवता येतात, खालीवर करता येतात, एक बिघडला तर बाकीचे सुखरूप राहतात.

चित्र तयार झालं. कुणी ढेपेवरून घसरतंय, कुणी गुळाचा कण दोन्ही हातांनी उचलतंय. सगळा वर्ग हसून लोळत होता. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. “बाई, ढेपीची सावली ह्या अंगाला अन् आमची त्या अंगाला कशी काय?”

सगळे चूप. खरंच की! ढेपेचा फोटो सकाळी काढला होता आणि मुलांचे फोटो दुपारच्या सुट्टीनंतर. ऊन दोन्हींत वेगळ्या बाजूनं आलं होतं. म्हणूनच ते चित्र कुठं तरी खटकत होतं. पण का खटकतं ते एकाही मुलाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही.

ते ओळखणारी मुलगी आमच्या गावची नव्हती. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातली होती. तुम्हाला माहीत असेल, कारखान्याचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चएप्रिलपर्यंत चालतो. तेवढे महिने मराठवाड्यातून हजारो कुटुंबं आपलं बिऱ्हाड घेऊन येतात, पाचटाच्या कोपीत राहतात आणि पहाटेपासून ऊस तोडतात. त्यांची मुलंही बरोबर येतात. काही शाळेत बसतात, काहींना धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं. ही मुलगी नोव्हेंबरात माझ्या वर्गात आली. मी तिला विचारलं, “तुला सावलीचं कसं गं कळलं?” ती सहज म्हणाली, “भावाची झोळी सावलीत बांधायची असती. ऊन सरकलं की झोळी हलवावी लागती. मला कळतंच.”

कॉम्प्युटर तिनं त्याआधी कधी हाताळला नव्हता. पण उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते, हे आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळत होतं. त्या दिवसापासून ती वर्गाची ‘सावली तपासनीस’ झाली. कुठल्याही गटाचं चित्र तिनं बघितल्याशिवाय पुरं व्हायचं नाही.

मार्चमध्ये कारखान्याचं गाळप संपलं. एका सकाळी तिची जागा रिकामी होती. रात्रीच ट्रॅक्टर भरून सगळे गावाकडं निघून गेले होते. आणि त्यानंतर दहाबारा दिवसांनी आमच्या वर्गाचा फोटो काढला गेला, दर वर्षी निघतो तसा. फोटो हातात आला तेव्हा पहिला प्रश्न आला, “बाई, ह्यात ती न्हाई.” आणि लगेच दुसरा, “आपण तिला घालूया की!”

मुलांनो, आता आली खरी परीक्षा. तिचा एकच चांगला फोटो आमच्याजवळ होता, २६ जानेवारीच्या प्रभातफेरीचा. सकाळचं ऊन, छातीवर डावीकडं तिरंगी बिल्ला, दोन वेण्यांना लाल रिबिनी. वर्गाचा फोटो होता संध्याकाळकडचा. तिच्या गालावर ऊन एका बाजूनं आणि बाकीच्यांच्या गालावर दुसऱ्या बाजूनं! तिनंच शिकवलेला धडा आता तिच्याच फोटोसाठी कामाला आला.

एक गट म्हणाला, “फोटो आरशासारखा उलटा करू.” गिम्पमध्ये एका क्लिकमध्ये तसं होतं. केलं. ऊन बरोबर बाजूला आलं. पण बिल्ला डावीकडून उजवीकडं गेला! मग बिल्ला वेगळा कापला आणि नव्या लेअरवर पुन्हा डावीकडं ठेवला. तिचा फोटो लहान होता, फार मोठा केला की चौकोनच चौकोन दिसायला लागायचे. म्हणून तिला मागच्या रांगेत उभं करायचं ठरलं. मागं माणूस लहान दिसतो, शिवाय पाय आणि जमिनीवरची सावली पुढच्या मुलांमागं झाकली जाते. त्यासाठी पुढची रांग कापून वेगळ्या लेअरवर घ्यावी लागली, कारण तिचा कागद पुढच्या रांगेच्या खाली आणि भिंतीच्या वर सरकवायचा होता. चार दिवस हेच काम चाललं होतं. केसांच्या कडा कापताना एका मुलाच्या कपाळावर घाम आला होता.

काम होत आलं तेव्हा आमच्या वर्गातला सगळ्यात शांत मुलगा उठला. म्हणाला, “बाई, पण ती त्या दिवशी नव्हतीच. मग हे खोटं झालं की.”

वर्गात दोन तट पडले. एक मुलगी तावातावानं म्हणाली, “चार महिने होती की वर्गात! हजेरीत नाव आहे तिचं. तिच्याशिवायचा फोटोच खोटा.” दुसरा म्हणाला, “गुळाच्या ढेपेवर बसलो तेव्हा कुठं खरं होतं? तेव्हा कुणी काही बोललं नाही.” शांत मुलगा म्हणाला, “ते बघणाऱ्याला कळतं की गंमत हाय. हे कळणार न्हाई.”

मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये कॉटिंग्ली नावाच्या गावी १९१७ साली १६ वर्षांची एल्सी आणि ९ वर्षांची फ्रान्सिस या मावसबहिणींसारख्या नात्यातल्या मुलींनी ओढ्याकाठी फोटो काढले. फोटोत छोट्या छोट्या पऱ्या नाचत होत्या! शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल यांनासुद्धा ते खरे वाटले आणि १९२० साली त्यांनी त्यावर मासिकात लेख लिहिला. जगभर चर्चा झाली. शेवटी १९८३ साली, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, त्यांनी सांगून टाकलं की पऱ्या कागदावर काढून, कापून, टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या. गंमत म्हणून केलेली गोष्ट, पण सांगायचं राहिलं आणि साठपासष्ट वर्षं निघून गेली!

मोठी मासिकंही यातून सुटलेली नाहीत. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो होता. मूळ फोटो आडवा आणि मुखपृष्ठ उभं. मग कॉम्प्युटरच्या मदतीनं दोन पिरॅमिड जवळ सरकवले! हजारो वर्षं जागचे न हललेले पिरॅमिड हलले. हे लोकांना कळल्यावर मासिकावर बरीच टीका झाली.

गोष्टी ऐकून मुलांनी स्वतःच वाट काढली. फोटो ठेवायचा, पण खाली लिहायचं. बदलवहीतल्या नोंदींवरून मजकूर तयार झाला. “मागच्या रांगेत उजवीकडून पहिली आमची मैत्रीण त्या दिवशी गावी गेली होती. तिचा २६ जानेवारीचा फोटो आम्ही इथं जोडला आहे. ती आमच्याच वर्गातली आहे.” शांत मुलानं तो मजकूर दोनदा वाचला आणि मान हलवली. आता तो फोटो खोटा राहिला नव्हता.

पण अजून एक गोष्ट बाकी होती. तिला आणि तिच्या घरच्यांना विचारलं होतं का? फोटो तिचा, मग हो म्हणण्याचा हक्कही तिचाच. मी तिच्या वडिलांना फोन लावला. फोन आईनं घेतला. “म्याडम, फोटूचं काय करायलात?” त्यांनी काळजीनं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकीला हाक मारली. लेक फोनवर “हां” एवढंच म्हणाली. मग मी फोटो पाठवला. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. आमचा सगळा वर्ग माझ्याभोवती कान लावून उभा.

“उजेड बरोबर बसलाय बाई,” ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, “तुमची परीक्षा झाली का? मला इथं बसू देतील का?”

मुलांनो, मला त्या क्षणी नीट कळलं की माऊसनं काय करता येतं आणि काय येत नाही. तिला फोटोत उभं करायला आम्हाला चार दिवस लागले. तिला शाळेत टिकवणं हे फार मोठं काम आहे, आणि ते खऱ्या जगातच करावं लागतं. गाव बदललं तरी मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड देतात. तिचं कार्ड तिच्या वडिलांकडं होतं. मी तिच्या गावच्या गुरुजींशी बोलले आणि ती तिकडं परीक्षेला बसली. पुढच्या हंगामाला ते कुटुंब दुसऱ्या कारखान्याकडं गेलं. आमच्या वर्गाच्या भिंतीवर मात्र तो फोटो खालच्या मजकुरासकट आहे. नवी मुलं तो वाचतात आणि विचारतात, “ती परत आली का?” हा प्रश्न मला आवडतो. मजकूर नसता, तर तो कुणी विचारलाच नसता.

आता तुमच्यासाठी. आज फोनमध्येसुद्धा फोटो कापता येतो, उजळ करता येतो, मागचं दृश्य बदलता येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळी लिहून सांगितल्या, तर ती न घडलेल्या गोष्टीचा फोटोही बनवून देते. म्हणून आमच्या वर्गाचे चार नियम तुम्हीही लिहून ठेवा. मूळ फोटो जपायचा. ज्याचा फोटो त्याला विचारायचं. जे माहीत नाही ते मनानं भरायचं नाही. आणि बघणाऱ्याची फसगत होईल असा बदल केला, तर तो लिहून सांगायचा. कुणाला रडू येईल असा फोटो गमतीतसुद्धा करायचा नाही, आणि आलाच तर पुढं पाठवायचा नाही.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांच्या हातातला फोन नुसता काढून घेऊ नका. एखाद्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून एक जुना फोटो दुरुस्त करा. आलेला एखादा चमत्कारिक फोटो त्यांना दाखवा आणि विचारा, “यात सावली कुठं पडली आहे?” कुणी तुमच्या मुलाचा फोटो बिघडवून त्याला छळत असेल, तर त्याला आधी जवळ घ्या, रागावू नका. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा फोन आहे. हा आकडा मुलांनाही पाठ असू द्या.

आणि हो, या सुट्टीतला तुमचा प्रकल्प! घरातला एक जुना फोटो शोधा. आजीआजोबांच्या शेजारी बसून विचारा, हा कधी काढला, कोण कोण आहेत, कोण यायचं राहिलं. जे सांगतील ते वहीत लिहा. मग फोटोचा फोटो काढा आणि त्या प्रतीवरची धूळ, घड्या, डाग घालवा. आणि कोपरा फाटलेला असेल तर? गदा काढायची घाई करू नका. आधी विचारा, हातात छत्री तर नव्हती ना?